भांडणासाठी बांधलेली चूल

ज्या दिवशी सासू-सुना वेगळ्या झाल्या, त्या दिवशी दोघींनी मिळून दुसरी चूल बांधली. सून माती तुडवत होती, सासू ती थापत होती, आणि सुनेच्या पाठीला बांधलेलं बाळ तिच्या प्रत्येक पावलासरशी वरखाली होत खिदळत होतं. चुलीचं तोंड कुठे ठेवायचं यावर थोडी चर्चा झाली. सासूचं म्हणणं पडलं की आपण भांडलोय, तेव्हा चुलींची तोंडं एकमेकींकडे नकोत. सुनेला ते पटलं. मग नवी चूल मागच्या पडवीत, भिंतीकडे तोंड करून बसली. रुसल्यासारखी.

घरोघरी मातीच्या चुली असतात हे खरं. पण एकाच घरात दोन, आणि तीही दृष्ट लागावी इतकं जमणाऱ्या सासू-सुनांच्या, हे नवल संस्थेमुळे घडलं.

संस्था चांगली होती. पोटापुरतं पिकवणाऱ्या माणसांना हवी ती वस्तू शहरातल्या कुणीतरी घेऊन द्यायची आणि मग दर आठवड्याला दोघांनी फोनवर एकमेकांची तोंडं पाहायची. मध्ये साहेब नाही, समिती नाही, हार नाही, भाषण नाही. संस्थेकडून एक बाई तेवढी यायची, फोन घेऊन. “मी मध्ये नाही. थेट म्हणजे थेट,” असं ती इतक्यांदा सांगायची की सगळी वस्ती तिला फोनवाली म्हणत असली तरी पाठीमागे तिचं नाव ‘थेटबाई’ पडलं होतं. नियम एकच. एका चुलीला एक दाता, आणि एका दात्याची एक वस्तू.

या घराला मात्र वस्तू दोन हव्या होत्या. त्यांचं रान ओढ्याच्या वर, चढावर होतं. सासू दोन्ही हातांत बादल्या घेऊन दिवसभर ओढा ते वाफे, वाफे ते ओढा करायची आणि संध्याकाळी गुडघे धरून उंबऱ्यात बसायची. पायाने दाबायचा पंप मिळाला तर तिचे हाल संपणार होते. आणि बाळाला आता वरचं दूध लागायला लागलं होतं, त्याला बकरी हवी होती. सून म्हणायची पंप मागू. सासू म्हणायची बकरी मागू. असं बरेच दिवस चाललं. शेवटी शेजारचे दोघे भाऊ खरोखरीच कडाकडा भांडून वेगळे झाले आणि दोघांच्या दारात वेगवेगळे दाते उभे राहिले, तेव्हा सासूचे डोळे चमकले.

“आपणही भांडू,” ती म्हणाली.

सून लगेच हो म्हणाली नाही. तिला आई नव्हती. मामाच्या घरी ती वाढली, पण पाहुणी वाढावी तशी. दुसऱ्यांदा वाढून घेताना अजून तिचा हात अडखळायचा. या घरात आली तेव्हा सासूने पहिल्याच दिवशी तिच्या पातेल्यातली करपलेली भाजी चाखून, “पोरी, चुलीला घाबरतेस की मला?” असं विचारलं होतं, आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच हसली होती. त्या दिवसापासून सुनेच्या जगाला भिंती आल्या, छप्पर आलं. आता खोट्याने का होईना, त्या छपराला हात लावायचा म्हणजे तिला धडकीच भरली. पण सासूचे गुडघे रोज संध्याकाळी तिच्या डोळ्यांपुढे होते. ती हो म्हणाली.

नवऱ्याला कुणी विचारलं नाही. तो शेतातून आला, त्याने दोन चुली पाहिल्या, आणि मी कुणाकडे, एवढंच विचारलं. सासूने निवाडा केला की एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. तो साधा माणूस होता. पण लवकरच त्याच्या लक्षात आलं की ज्या चुलीची पाळी नसते तीही उपाशी पाठवायला तयार नसते, आणि या भांडणात घरातलं फक्त एकच माणूस वजनाने वाढत चाललं.

फोनवाली खातरजमा करायला आली. तिने दोन्ही चुलींतली राख बोटाने ढवळून पाहिली, दोन्ही गरम निघाल्या. मग तिने साधासा प्रश्न विचारला, की भांडण झालं कशावरून. चुलीची दिशा ठरवली होती, सरपण वाटलं होतं, झाडूसुद्धा दोन केले होते. कारण ठरवायचंच राहून गेलं होतं.

“मीठ,” सासू म्हणाली.

“घोरणं,” सून त्याच दमात म्हणाली.

फोनवालीने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. ती स्वतः सासुरवाशीण होती. “दोन कारणं म्हणजे खरंच भांडण,” असं म्हणून ती पुढच्या घराकडे वळली. ती गेल्यावर सासूने विचारलं, मी खरंच घोरते का गं? सुनेने मिठाविषयी तेच विचारलं. दोघीही एकमेकींना नाही म्हणाल्या आणि पडवीत बसून पोट धरून हसल्या.

दाते मिळाले. सासूच्या वाट्याला दातांची डॉक्टरीण आली. खणखणीत आवाजाची, स्वतः नव्यानेच सासू झालेली. सुनेच्या वाट्याला आला शहरातला बसवाला. फेरी संपली की आगारात गाडी उभी करून तो स्टीअरिंगवर फोन टेकवायचा, आणि मागे पुढच्या फेरीसाठी चढलेले उतारूही सुनेला न्याहाळून घ्यायचे.

फोनला रेंज फक्त गोठ्यामागच्या दगडावर मिळायची. तिथे एकीने बसायचं आणि दुसरीने खाली पायरीपाशी आपल्या पाळीची वाट पाहायची, अशी रीत पडली. त्यामुळे एकीचं बोलणं दुसरीला ऐकू आल्यावाचून राहायचंच नाही.

सासूला बोलण्याचं अंग होतं. साध्या डोकेदुखीची हकिकत सांगताना ती तीन वळणं घ्यायची. डॉक्टरणीने पहिल्याच दिवशी, सून कशी आहे, असं विचारलं आणि सासूला रान मोकळं मिळालं. मिठाचा डोंगर झाला. झाडू उंबऱ्यावर आपटणं झालं. सून सकाळी उन्हं अंगावर येईस्तोवर लोळते, असंही झालं, जेव्हा प्रत्यक्षात त्या घरात सगळ्यात आधी उठून सरपण पेटवणारी तीच होती. पायरीवर बसलेली सून पदर तोंडात कोंबून हसू दाबत होती. पाठीवरचं बाळ गदगदा हलत होतं.

सुनेला मात्र खोटं येईना. बसवाल्याने विचारलं, सासू छळते का? ती म्हणाली, आई फार चांगल्या आहेत. एवढं बोलून तिला आठवलं की आपण भांडलोय, आणि ती गप्प झाली. त्या गप्प बसण्याचा भलताच अर्थ निघाला. बसमधली एक बाई मागून म्हणाली, बिचारी घाबरलीय, सासू तिथेच कुठेतरी उभी असणार. बसवाल्याने आवाज खाली आणून सांगितलं की ताई, काही बोलू नका, फक्त मान हलवा. सुनेने घाबरून मान हलवली. सगळी बस हळहळली.

बकरी आली. पंप आला. आणि दोन्ही वस्तूंबरोबर त्यांचे धनीही आले, फोनमधून.

डॉक्टरणीने बजावलं की बकरी माझ्या सासूबाईंची आहे. (ती स्वतःपेक्षा थोड्या मोठ्या बाईला ‘माझ्या सासूबाई’ म्हणायला लागली होती, आपण कुणाच्या बाजूने आहोत ते कळावं म्हणून असेल.) नातवाला दूध द्या, पण वाटी तुमच्या चुलीशी, तिच्या नाही. बसवाल्याने सांगितलं की पंपाचं पाणी ताईंच्या वाफ्यांना, म्हातारीच्या नाही. आता वाफे काय वेगळे होते? मध्ये एक काठी रोवून ते वेगळे केले होते, आणि पाण्याला काही काठी दिसत नव्हती. पण दर आठवड्याला वाफे फोनवर दाखवावे लागत. मग फोनवाली यायच्या आधी सासूच्या वाफ्यांवर सुकं गवत पसरायचं, ती गेल्यावर काढायचं. पंपामुळे वाचलेला वेळ गवतात जायला लागला. भीक नको पण कुत्रा आवर, असं नवरा एकदा बोलून गेला, तर दोन्हीकडून त्याला गप्प बसवण्यात आलं. फोनवालीला साकडं घातलं तर ती म्हणाली, मी मध्ये नाही.

तरी हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. बिनसलं ते एका दुपारी.

डॉक्टरणीचं मन त्या दिवशी हळवं झालेलं होतं. तिच्या मुलाने वेगळं घर घेतलं होतं. तिने विचारलं, खरं सांगा, तुम्हाला सगळ्यात जास्त काय लागलं? मीठ जाऊ दे. आतलं सांगा.

सासू नेहमीसारखी सुरू झाली नाही. खाली सून पुढच्या गमतीची वाट पाहत बसली होती.

“बाळाला माझ्याकडे देत नाही,” सासू म्हणाली. “पाठीला बांधते आणि जाते. पंप आल्यापासून मला काही काम नाही. हात मांडीवर ठेवून बसते मी. बाळ समोरून जातं, येतं. माझ्या हातून पडेल असं वाटत असेल तिला. म्हातारी झाले ना.”

तिच्या बोलण्याला एकही वळण नव्हतं.

सुनेच्या तोंडातला पदर गळून पडला. हे ठरलेलं नव्हतं. आणि हे खरं होतं. ती बाळाला पाठीवर घेऊन जात होती ती सासूच्या गुडघ्यांना आराम मिळावा म्हणून. रांगतं बाळ, त्याच्यामागे धावायचं म्हणजे काय सोपं काम? सुखी ठेवतो आहोत असं समजून आपण एका माणसाला रिकामं करून ठेवलं, हे तिला त्या पायरीवर कळलं. पण त्याहून जास्त दुसरंच काही तिला टोचलं. हे मला का नाही सांगितलं? दातांच्या डॉक्टरणीला सांगितलं, जिने बाळाला कधी हात लावला नाही. मला नाही.

संध्याकाळी दोन्ही चुली खरोखरीच पेटल्या.

खोट्या भांडणात दोघी एकमेकींना टोमणे मारत, हसत, एकीच्या पातेल्यात दुसरी हात घालत. खऱ्या भांडणात घरात कमालीची सभ्यता आली. सासू ‘पोरी’ म्हणेना. सून जरा सरकता का म्हणून विचारून वाट मागू लागली. एकीने मीठ दिलं तर दुसरीने कृपा झाली म्हटलं. बाळाला सासूकडे द्यावं असं सुनेला दिवसातून कितीदा तरी वाटलं. पण आता दिलं तर ऐकून दिल्यासारखं होईल, म्हणून तिने दिलं नाही. आणि आता मागितलं तर सांगून मागितल्यासारखं होईल, म्हणून सासूने मागितलं नाही. नवऱ्याला तर दोन्हीकडे इतक्या आदराने वाढलं जाऊ लागलं की त्याची भूकच गेली.

आणि अशात पाहुणे आले.

बसवाला आणि डॉक्टरीण यांची संस्थेच्या कसल्याशा मेळाव्यात गाठ पडली होती. बोलता बोलता दोघांना कळलं की आपण मदत केलेलं घर एकच आहे, आणि तिथेच दोघांची जुंपली. शेवटी प्रत्यक्ष जाऊनच निकाल लावू, असं ठरलं. बसवाल्याने सुट्टीच्या दिवशी ओळखीच्याची गाडी आणली. सबंध रस्ताभर त्यांनी सासू-सुनांची बाजू इतक्या हिरिरीने मांडली, की वस्तीत उतरले तेव्हा तेच दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. फोनवाली मागच्या सीटवर बसून आली होती. तिचा चेहरा रस्त्याच्या खड्ड्यांपेक्षा जास्त खड्ड्यांतून आल्यासारखा दिसत होता.

डॉक्टरीण थेट सासूच्या चुलीशी जाऊन बसली. बसवाला मागच्या पडवीत, भिंतीकडे तोंड केलेल्या चुलीशी बसला. त्यामुळे त्यालाही भिंतीकडेच तोंड करावं लागलं. दोघं आपापल्या जागेवरून मोठ्याने बोलत होते. डॉक्टरीण म्हणत होती, मधे भिंत घाला, मी खर्च करते. बसवाला भिंतीला उद्देशून म्हणत होता की भिंतीचा दरवाजा ताईंच्या बाजूने लागला पाहिजे.

भिंत हा शब्द ऐकला मात्र, सून ताडकन उठली. ती अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली, बाळ पाठीवर.

“भिंत नको,” ती म्हणाली. “आम्ही भांडलोच नव्हतो. बकरी आणि पंप दोन्ही हवं होतं म्हणून खोटं बोललो. चूल आम्ही दोघींनीच बांधली.”

सासूने कपाळाला हात लावला. फोनवालीने आभाळाकडे पाहिलं. आणि बसवाला उठून आला, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, “बघितलंत डॉक्टर? इतकी दबलीय की म्हातारीला वाचवायला गुन्हा स्वतःच्या अंगावर घेते.” डॉक्टरीण म्हणाली की उलट आहे, अपराधी मन बोलतंय. सुनेने परत सगळं पहिल्यापासून सांगितलं. माती कुणी तुडवली, चूल कुणी थापली. जसजशी ती सांगत गेली तसतसे दोघे अधिकच हेलावत गेले. खरं बोलणाऱ्याला साक्षीदार लागतो, आणि तिची एकमेव साक्षीदार, सासू, उंबऱ्यात बसून तोंडातून अक्षर काढत नव्हती.

शेवटी ती फोनवालीकडे वळली. “एक चूल मोडतो आम्ही. नियमाने एक वस्तू परत जाईल ना? जाऊ दे. बकरी घेऊन जा.”

“बकरी?” सासू उठली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच गुडघे न धरता उठली. “बकरी कशी जाईल? पंप जाईल.”

“पंप नाही जाणार. तुम्ही पुन्हा बादल्या उचलायच्या नाहीत.”

“माझे गुडघे माझे आहेत. बादल्या उचलेन, नाहीतर डोक्यावर ओढा घेऊन येईन, तू कोण सांगणार? पोराचं दूध जाणार नाही.”

“त्याला दूध मी कुठूनही आणेन. तुम्ही रात्री विव्हळता ते मला झोपेत ऐकू येतं.”

“मग तर बरंच. घोरत नाही म्हणजे मी.”

“घोरताही,” सून ओरडली. “आणि मनातलं मला सांगायचं सोडून फोनमध्ये सांगता. मी काय मेले होते? पायरीवरच बसले होते मी.”

“तुला सांगितलं असतं तर काय केलं असतंस? बाळाला माझ्या मांडीवर ठेवलं असतंस आणि स्वतः मागे उभी राहिली असतीस, पडतंय का बघायला. मला असं उपकाराचं बाळ नको. एवढा त्याचा बाप वाढवला मी या हातांनी, एकदाही पाडला नाही.”

“एकदा पाडलं होतंस,” नवरा म्हणाला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

दोघींचे आवाज इतके चढले की शेजारचे दोघे भाऊ आपापल्या दारांतून एकाच वेळी डोकावले. सासू म्हणत होती, मूर्ख पोरी, अक्कल नाही तुला, माणसाला बसवून ठेवलं की माणूस लवकर म्हातारं होतं. सून म्हणत होती, हे पोरी पोरी आता सुचलं का, इतके दिवस कुठे गेलं होतं? तिला रडू येत होतं, आणि त्याच वेळी आतून काहीतरी सैल होत चाललं होतं. मामाच्या घरी ती कधी कुणावर ओरडली नव्हती. पाहुण्या माणसाला ओरडता येत नाही.

बसवाला हळूच डॉक्टरणीजवळ सरकला. अंगणाच्या कडेला दोघे शेजारी शेजारी उभे राहिले, मोठ्यांचं भांडण पाहणाऱ्या पोरांसारखे. डॉक्टरीण म्हणाली की फोनवर हे इतकं वाटत नव्हतं. तो म्हणाला, मलाही नाही. मग फोनवालीने वस्तू परत न्यायचा विषय काढला तशी डॉक्टरीण तिच्यावरच उखडली. बकरी परत घेऊन मी ठेवू कुठे, दवाखान्यातल्या खुर्चीवर? बसवाला म्हणाला, भांडलं तर बक्षीस आणि मिटवलं तर दंड, हा कुठला न्याय? फोनवालीने दोन्ही चुलींकडे पाहिलं, अंगणाच्या मधोमध चाललेल्या गदारोळाकडे पाहिलं आणि नोकरीत मुरलेल्या माणसाच्या शांतपणाने म्हणाली, “मला तर इथे दोन चुली दिसतायत. आणि भांडणही चांगलं दणदणीत ऐकू येतंय. माझ्या नियमात सगळं बसतं. मी मध्ये नाही.”

एवढं बोलून ती गाडीत जाऊन बसली.

मधे सासूच्या तोंडून ‘दमलीस ना पोरी’ असं निसटलं तशी सून थांबली. दोघींना एकदमच दम लागला. बाळ या सगळ्या गोंधळात पाठीवर शांत झोपलं होतं, मान एका बाजूला टाकून. सासूने पुढे होऊन सुनेच्या छातीवरची गाठ सोडली. विचारलं नाही. गाठ जुनी, घट्ट बसलेली, तिला दातही लावावे लागले. डॉक्टरणीने काळजीने मान पुढे काढली. सुनेचे हात बाळाला आधार द्यायला आपोआप मागे गेले, आणि तिने ते तसेच परत आणले.

“जा, पाणी दे जा,” सासू म्हणाली. “माझ्या बाजूचेही वाफे सुकलेत, गवताखाली.”

सून उतारावरून ओढ्याकडे निघाली. पाठ एकदम हलकी झाली होती, त्यामुळे तोल पुढेच जात होता आणि पावलं नीट पडत नव्हती. पंपाशी पोचून तिने पाय दाबायला सुरुवात केली. पाणी नळीतून वर चढू लागलं. वर अंगणात बाळ जागं झालं असावं, कारण सासूचा आवाज यायला लागला होता. ती त्याला त्याच्या आईच्या कागाळ्या सांगत होती. मीठ, झाडू, उन्हं अंगावर येईस्तोवरचं लोळणं, सगळं, नेहमीच्या वळणांनी, आणि आता दोन नवी वळणंही घालून. मधूनमधून डॉक्टरीण नाही नाही, असं कसं, म्हणत होती. वर कुणीतरी आपली बाजू घेतंय एवढं सुनेला कळलं.

तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहायची फार इच्छा होत होती, पण पाहिलं असतं तर सासूला दिसलं असतं. ती पंप दाबत राहिली, थोडा जास्तच जोराने.